कानात दडणारं छोटं मशीन बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत गेली सतरा वर्षं मी लोकांना कानाची मशीनं बसवते आहे. बहुतेक माणसं खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, "ते दिसत नाही ते मशीन आहे ना तुमच्याकडे?" आहे. पण ते चालेल की नाही, हे कान ठरवतो. खालचे प्रश्न रोजच्या विचारण्यातले आहेत आणि उत्तरं खुर्चीपाशी देते तशीच आहेत.

मला ते अगदी छोटं मशीन बसेल का?

तीन गोष्टी बघाव्या लागतात: ऐकू किती येतं, कानाची नळी केवढी आहे आणि हाताची बोटं किती चालतात. तिसरी गोष्ट कुणीच विचारात घेत नाही.

ऐकण्यातली घट डेसिबलमध्ये मोजतात. २५ पर्यंत ठीक, ४० पर्यंत सौम्य, ५५ पर्यंत मध्यम, ७० पर्यंत मध्यम-तीव्र, ९० पर्यंत तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. छोट्या मशीनचा पल्ला साधारण ६०-७० पर्यंत पुरतो. त्यापुढच्या कानाला ताकद जास्त लागते आणि ती कानामागच्या मशीनमध्येच मावते. मोठ्या माणसाची कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, तिला दोन वळणं असतात. काहींची नळी इतकी अरुंद असते की मशीनचे भाग आत बसतच नाहीत. कान वारंवार वाहत असेल, तर नळी बंद करणारं कुठलंच मशीन नको.

आता बोटं. माझ्या बाबांनी सर्वांत लहान मशीनचा हट्ट धरला आणि मी मुलगी म्हणून तो पुरवला. त्यातला सेल ५.८ मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा. बाबांची बोटं थरथरतात. पहिला सेल पोह्यांच्या बशीत पडला. दुसरा सोफ्याच्या फटीत गेला, तो अजून मिळालेला नाही. तिसऱ्या आठवड्यात सेल बदलताना मशीनच निसटून मोरीत गेलं. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर मी आधी त्यांच्या हातात सेल देऊन बघितला असता. आता ते एक माप मोठं मशीन वापरतात आणि ते दिसतं म्हणून अजूनपर्यंत कुणी त्यांना काही बोललेलं नाही.

मला ऐकू येतं, फक्त शब्द नीट कळत नाहीत. मग मशीन कशाला?

वयाप्रमाणे कान जातात ते बहुधा असेच जातात. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. बोलण्यातले स्वर जाड, खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात. स, श, ख, थ, फ ही व्यंजनं बारीक आणि हलकी. त्यामुळे स्वर पोचतो आणि व्यंजन वाटेत गळतं. मच्छीमार्केटात कोळीण "साठ" म्हणते, तुम्हाला "आठ" ऐकू येतं आणि भांडण तुम्हीच सुरू करता. घरात ताक मागितलं की ताट येतं. समोरचा तोंडातल्या तोंडात बोलतो अशी तक्रार सुरू झाली, आणि घरातले सगळेच एकाएकी तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत असं वाटायला लागलं, की तपासणी करून घ्या.

आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ की थेट मशीन बसवणाऱ्यांकडे?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. मळाचा बोळा, पडद्याला भोक, मधल्या कानातला दोष यांवर औषध किंवा शस्त्रक्रिया असते. अशा कानात मशीन घालून तो प्रश्न नुसता झाकला जातो.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. काल ठीक असलेला कान आज सकाळी अचानक बंद झाला असेल, तर "सर्दी असेल" म्हणून आठवडा काढू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठा. आतल्या नसेचा त्रास असेल तर उपचार जितके लवकर, तितकी ऐकू परत येण्याची आशा जास्त. एकाच कानात सतत गुणगुण, चक्कर, कानातून पू किंवा रक्त असेल तरी आधी डॉक्टरच. आणि घरचं लसणाचं तेल कानात घालून येऊ नका. सगळी नळी पुसून काढेपर्यंत मला आतलं काही दिसत नाही.

तपासणीत काय काय करतात?

आवाज न येणाऱ्या खोलीत हेडफोन लावून बसवतात. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे वेगवेगळे स्वर हळू करत करत ऐकवतात; ऐकू आलं की बटण दाबायचं, त्यावरून आलेख काढतात. मग कानामागच्या हाडावर कंपक ठेवून तेच पुन्हा. दोन्ही आलेखांतल्या फरकावरून दोष नळी-पडद्याच्या बाजूला आहे की आत नसेत, ते कळतं. त्यानंतर शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावतात. यात गुण फार कमी पडले, तर आवाज वाढवूनही शब्द स्पष्ट होणार नाहीत. मशीन घेण्याआधीच हे सांगायला हवं, आणि सांगितलं नाही तर तुम्ही विचारायला हवं. खालच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकांचा आलेख ४००० हर्ट्झपाशी खड्डा पडल्यासारखा उतरतो. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या कानाची ती खूण असते.

कानाचं माप कसं घेतात? दुखतं का?

दुखत नाही. विचित्र मात्र वाटतं. छोट्या मशीनचं निम्मं यश या दहा मिनिटांत ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी दिव्याच्या दुर्बिणीतून कान बघतात. मळ असेल तर तो काढल्याशिवाय माप घ्यायचं नाही. मग दोरा बांधलेला कापसाचा किंवा स्पंजचा छोटा गोळा नळीत आत सरकवतात, म्हणजे मापाचा लगदा पडद्यापर्यंत जात नाही. हा गोळा ठेवताना काहींना एकदम खोकला येतो. घशाकडे जाणाऱ्या नसेची एक फांदी कानाच्या नळीत असते, तिला धक्का लागला की घसा खवखवतो. घाबरायचं कारण नाही.

मग दोन रंगांचं सिलिकॉन कणकेसारखं मळून पिचकारीत भरतात आणि कानात सोडतात. गार वाटतं, कान एकदम बुजतो, जग बंद पडतं. चारेक मिनिटांत ते रबरासारखं घट्ट होतं. त्या वेळात मी माणसाला बोलायला लावते, तोंड उघडायला लावते, चघळल्यासारखं करायला सांगते. कारण जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. तोंड मिटून गप्प बसलेल्या माणसाचं माप घेतलं, तर मशीन गप्प बसल्यावर छान बसतं आणि भाकरी चावायला घेतली की ढिलं होऊन शिट्टी मारतं. मग कानाची पाळी मागे ओढून साचा फिरवत बाहेर काढायचा. तो हातात घेऊन बघा, आपल्या कानाचं भुयार असं वळतं हे पहिल्यांदाच दिसतं. सर्वांत छोट्या मशीनसाठी दुसऱ्या वळणाच्या पुढपर्यंत साचा उतरलेला हवा. टोकाला भोक पडलं असेल, कड दुमडली असेल, तर पुन्हा घ्यायचं. माप घेणारा "चालेल हो" म्हणाला, तर तुम्ही "नाही चालणार" म्हणा.

हा साचा लॅबमध्ये जातो, तिथे त्याचं स्कॅनिंग होतं आणि त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर ॲक्रिलिकचं कवच बनतं. मशीन हातात यायला साधारण आठ-पंधरा दिवस.

आयआयसी, सीआयसी, आयटीसी म्हणजे काय?

ही आकाराची नावं. आयआयसी सर्वांत छोटं, दुसऱ्या वळणाच्या आत जातं, बाहेरून दिसत नाही. सीआयसी नळीच्या तोंडापाशी बसतं, कुणी वाकून बघितलं तरच कळतं. आयटीसी नळीत असतं पण थोडं कानाच्या वाटीत डोकावतं.

जितकं छोटं, तितक्या सोयी कमी. अगदी छोट्या मशीनमध्ये एकच माइक मावतो. समोरच्याचा आवाज पुढे घेऊन मागचा गोंगाट दाबायला दोन माइक लागतात. कॅनालमधल्या, म्हणजे नळीत बसणाऱ्या मशीनला कानाच्या पाळीची नैसर्गिक मदत मिळते हे खरं, पण लग्नाच्या हॉलमध्ये ती पुरत नाही. ब्लूटूथ बहुतेकदा नसतं, चार्जिंगची सोय क्वचितच.

डिजिटल म्हणजे नेमकं काय वेगळं?

आजोबा म्हणतात "जरा मोठ्याने बोल". तुम्ही मोठ्याने बोलता, तर म्हणतात "ओरडतोस कशाला". हा तिरसटपणा नव्हे. नस कमजोर झालेल्या कानाला हळू आवाज येतच नाही आणि मोठा आवाज मात्र पहिल्याइतकाच, कधी जास्तच, टोचतो. ऐकू येण्याची आणि सहन होण्याची पातळी जवळजवळ येते. जुनी मशीनं सगळंच सारखं वाढवत, म्हणून कुकरची शिट्टी झाली की लोक ती काढून फेकत. डिजिटल मशीन आवाजाचे आकडे करून त्याच्या पट्ट्या वेगळ्या करतं. तुमच्या आलेखाप्रमाणे प्रत्येक पट्टीतला हळू आवाज भरपूर वाढवतं, मध्यम बेताने आणि मोठा जवळपास आहे तसाच. पूर्ण डिजिटल मशीनं बाजारात आली १९९६ मध्ये. आज दुकानात मिळणारं जवळजवळ प्रत्येक मशीन डिजिटलच असतं, त्यामुळे तो शब्द ऐकून जास्त पैसे देऊ नका.

छोट्या मशीनची हौस त्याहून जुनी. १९८३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन कानात बसणारं मशीन घालून लोकांसमोर आले आणि त्या प्रकाराची मागणी एकदम वाढली. आमच्याकडे अजूनही एखाद्या गावच्या सरपंचांनी लावलं, की त्याच गावातून चार जण येतात.

दोन्ही कानांत लागतं का?

दोन्ही कान उतरले असतील तर शक्यतो दोन्हीकडे. आवाज कुठल्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांतला फरक तोलून ठरवतो. रस्ता ओलांडताना ते फार लागतं. पैशाची ओढाताण असेल तर एक चांगलं घ्या आणि दुसरं वर्षभराने. दोन हलकी घेण्यापेक्षा ते बरं.

मशीन आल्यावर पहिल्या दिवशी काय होतं?

आधी बसतं का ते बघायचं. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. मग संगणकाला जोडून तुमचा आलेख भरतात आणि कुठल्या पट्टीत आवाज किती वाढवायचा याचं सूत्र लावतात. पुष्कळ ठिकाणी काम इथेच संपतं: "ऐकू येतंय ना? या मग." संगणकाने दिलेला आकडा सरासरी कानाचा असतो. तुमची नळी सरासरीपेक्षा लहान असेल तर तेच मशीन तुमच्या पडद्यापाशी जास्त कर्कश होतं. म्हणून पडद्याजवळ बारीक मऊ नळी ठेवून, मशीन घातलेल्या कानात प्रत्यक्ष आवाज किती पोचतो ते मोजतात. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ते यंत्र सगळीकडे नसतं. अगदी आत जाणाऱ्या मशीनशेजारून ती नळी सरकवणं अवघडही असतं. तरी विचारून बघा, कारण समोरच्याचं काम कसं आहे याचा त्या एका प्रश्नाने अंदाज येतो.

घरी जाण्याआधी मशीन स्वतःच्या हाताने पाच वेळा घाला, पाच वेळा काढा. काढताना नायलॉनचा बारीक दोरा धरायचा, सेलचं दार धरून ओढायचं नाही. बायको किंवा मुलगा घालून देईल या भरवशावर घरी जाऊ नका.

माझाच आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. मशीन खराब आहे का?

नाही. कानात बोट घालून "ओम" म्हणा, तसाच आवाज येईल. बोलताना हाडांतून नळीत येणारं कंपन एरवी बाहेर निघून जातं, नळी बुजली की आत घुमतं. उपाय दोन: कवचातून हवेसाठी आरपार भोक ठेवायचं, किंवा मशीन नळीच्या आतल्या हाडाच्या भागापर्यंत उतरवायचं. थोडं प्रोग्रामिंगनेही कमी होतं.

पण ज्यांना खालच्या पट्टीचं उत्तम ऐकू येतं आणि फक्त बारीक आवाज गेलेत, त्यांना हा त्रास फार जाणवतो. अशा माणसाला मी कॅनालमधलं मशीन घेऊ नका असंच सांगते. कानामागे छोटासा भाग आणि नळीत नुसती तार जाणारं, कान मोकळा ठेवणारं मशीन त्यांना जास्त मानवतं. केसांत तेही दिसत नाही.

शिट्टी का वाजते?

मशीनमधून निघालेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि चक्र सुरू होतं. घालताना किंवा कानावर हात ठेवल्यावर क्षणभर वाजली तर ते ठीक. सतत वाजत असेल तर नीट बसलेलं नाही, कानात मळ आहे, किंवा कवच सैल झालंय. वजन उतरलं की नळीही सैल पडते. नवी कवळी बसवल्यावर शिट्टी सुरू झालेले दोन पेशंट माझ्याकडे आहेत. कवच नवं करून मिळतं, आतले भाग तेच राहतात.

सवय किती दिवसांत होते?

काही आठवडे, कधी दोन-तीन महिने. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखावे लागतात. पहिल्या दिवशी पंख्याचा, पेपरच्या पानांचा, स्वतःच्या चपलांचा आवाज नकोसा होतो. एक आजी तिसऱ्या दिवशी "घरात काहीतरी गळतंय" म्हणून आल्या. घड्याळाची टिकटिक होती.

सुरुवात घरात, एका माणसाशी बोलताना. मग टीव्ही, मग चार माणसांतला चहा, सर्वांत शेवटी एसटी स्टँड आणि लग्न. गणपतीत ढोल-ताशांच्या पुढ्यात जायचं असेल तर मशीन काढून खिशात ठेवू नका, डबीत ठेवा.

सेल किती दिवस जातो?

लहान मशीनला १० नंबरचा, पिवळ्या स्टिकरचा सेल लागतो. दिवसभर वापरलं तर तीन ते सात दिवस जातो. आयटीसीला ३१२ नंबरचा, तपकिरी स्टिकरचा. तो आठवडाभर किंवा थोडा जास्त. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की मिनिटभर थांबा, मग घाला. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. रात्री मशीन काढून सेलचं दार उघडं ठेवायचं.

नातवंडं असतील तर सेल उंचावर. मुलाने सेल गिळला किंवा नाकात घातला, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

मळ, घाम, पावसाळा?

छोट्या मशीनचे खरे शत्रू हेच. आवाज जिथून बाहेर पडतो तिथे बारीक जाळी असते, तिला वॅक्सगार्ड म्हणतात. ती मळाने बुजली की मशीन "मेलं" म्हणून लोक येतात. जाळी बदलली की सुरू. बदलायला शिकून घ्या. मशीन सकाळी कोरड्या ब्रशने झटका, जाळीचं तोंड खाली धरून, म्हणजे मळ बाहेर पडतो. पाणी, स्पिरिट, सुई, काडी काहीही लावायचं नाही.

कोकणातल्या जून ते सप्टेंबरात मशीन रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवाच. खडे रंग बदलले की वाळवा किंवा नवे आणा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा प्रयोग करू नका. पिठाची भुकटी माइकमध्ये गेलेली मी काढली आहे. आंघोळ, केसांना तेल, कलप, एमआरआय: मशीन बाहेर. झोपतानाही बाहेर.

किंमत किती? ऑनलाइन दोन हजारांत मिळतं ते का नको?

मापाचं मशीन एका कानाला साधारण २०-२५ हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जातं. दोन हजारांचं असतं ते सगळा आवाज सरसकट वाढवणारं. तुमचा आलेख त्याला माहीत नाही, आणि त्याने उरलेल्या कानाला इजा होऊ शकते.

महागडं घेतलं की जास्त ऐकू येतं असं मात्र नाही. जास्त पैसा जातो तो गोंगाटातल्या सोयींना. दिवसभर घरात दोन माणसांत असणाऱ्याने त्या विकत घेऊन काय करायचं? मापाचं मशीन एकाच कानासाठी बनतं, त्यामुळे घरी नेऊन बघा आणि नको तर परत द्या, असं सहसा होत नाही. म्हणून पैसे देण्याआधी कागदावर लिहून घ्या: बसलं नाही तर कवच किती दिवसांत फुकट बदलून देणार, वॉरंटी किती वर्षांची, प्रोग्रामिंगच्या पुढच्या भेटींचे पैसे लागतील का. बसवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का तेही विचारा. विचारलेलं मला आवडतं.

नीट सांभाळलं तर पाच-सहा वर्षं चालतं.

सरकारी मदत मिळते का?

दिव्यांगांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना मशीन मिळतं. महाराष्ट्रात २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साहित्यासाठी एकदा ३००० रुपये खात्यावर मिळतात. त्यात श्रवणयंत्रही येतं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ मध्ये सुरू झालेली. तिथे तपासणी आणि मशीन बसवणं, दोन्ही होतं. योजनेत मिळणारं मशीन बहुधा कानामागचं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा जास्त घट असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

वडिलांना घेऊन दिलंय, पण ते घालतच नाहीत. काय करू?

आधी मशीन चालू आहे का बघा. मुठीत धरा, शिट्टी वाजली तर चालू. मग त्यांना विचारा की कानात टोचतंय, घुमतंय की हाताने घालता येत नाही. या तिन्हींवर इलाज आहे, पण लाजेखातर ते आपणहून सांगत नाहीत. त्यांना घेऊन या, आणि ते बोलत असताना तुम्ही मधे उत्तर देऊ नका. बाबांच्या वेळी मी तेच करत होते.